वच्छोमची नायिका, सणाचे उटणे आणि नाव नसलेली डबी

१/
इसवी सन ९०० च्या आसपास लिहिल्या गेलेल्या एका प्राकृत नाटकात विदूषक सांगतो, की दक्षिणापथात वच्छोम नावाचे नगर आहे आणि तिथे त्याने एक कन्यारत्न पाहिले आहे. भैरवानंद नावाचा कौल मांत्रिक आपल्या सिद्धीच्या बळावर त्या कन्येला क्षणात राजासमोर आणून उभे करतो. ती येते ती थेट न्हाणीघरातून. काजळ धुऊन गेलेले, डोळे लाल झालेले, बटा चेहऱ्याला चिकटलेल्या, हाती धरलेल्या केसांतून थेंब ठिबकत आहेत. नाटक राजशेखराचे, ‘कर्पूरमंजरी’. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम.

२/
दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हा प्रसंग हमखास आठवावा. वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजारांत उटण्याच्या पुड्या आणि चंदनाच्या साबणाच्या वड्या दर्शनी मांडल्या जातात. शेजारीच सीरम, शीट मास्क, लिपस्टिकच्या नव्या छटा, आणि मुलींच्या फोनवर कोरियन ‘ग्लास स्किन’चे धडे. मग घरोघरी ठरलेला संवाद सुरू होतो: “आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं काही. उटणं लावलं, न्हालो, झालं.”

या वाक्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. सणासाठी नवनवे लावून पाहणे हा आजच्या पिढीचा थिल्लरपणा आहे, हे पहिले. जुने ते नैसर्गिक आणि म्हणून निर्धोक, हे दुसरे. वाशिमचा इतिहास पहिल्याला सरळ खोटे पाडतो. दुसऱ्यापाशी जरा थांबावे लागते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

३/
आधी गावाविषयी थोडे. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्या मुलांमध्ये राज्य विभागले गेले, तेव्हा सर्वसेनाने आपली शाखा वत्सगुल्माला स्थापन केली. ही शाखा स्वतंत्र होती हे पक्के झाले ते १९३९ मध्ये वाशिमला सापडलेल्या ताम्रपटामुळे. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ३७ व्या राज्यवर्षातला हा लेख. वंशावळ संस्कृतात आणि पुढचा मजकूर प्राकृतात. वा. वि. मिराशी यांनी तो प्रकाशात आणण्यात मोठा वाटा उचलला. राजभाषेतच प्राकृताला एवढी जागा देणारे हे घराणे होते, हे ध्यानात ठेवावे. स्वतः सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, पण त्याचा विषय ठाऊक आहे: रुसलेल्या सत्यभामेची समजूत काढण्यासाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो. वत्सगुल्माच्या पहिल्या राजाने काव्य लिहिले तेही एका फुलासाठी झालेल्या रुसव्यावर.

४/
आता राजशेखराचा दुसरा ग्रंथ, ‘काव्यमीमांसा’. त्याच्या तिसऱ्या अध्यायात एक विलक्षण कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते. प्रत्येक देशात ती वेगळा वेष करते, वेगळे विलास करते, आणि त्या त्या देशाच्या स्त्रिया तिचे अनुकरण करतात. पूर्वेकडे ओले चंदन आणि अगरू. मग पांचाल, मग अवंती. काव्यपुरुष हळूहळू विरघळतो, तरी पूर्ण वश होत नाही. शेवटी दक्षिणेचा वेष आणि वैदर्भी रीती यांपुढे तो हरतो. विवाह कुठे होतो? विदर्भातील वत्सगुल्म नगरात. राजशेखर या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हणतो.

५/
ही कथा बहुधा रीतींचा उगम सांगणारे रूपक म्हणून शिकवली जाते आणि परीक्षेत ‘वैदर्भी, गौडी, पांचाली’ एवढे लिहून सुटका होते. पण मूळ व्याख्या पाहा. वेष रचण्याची पद्धत ती प्रवृत्ती, विलासाची पद्धत ती वृत्ती आणि शब्द रचण्याची पद्धत ती रीती. तिन्ही एका रांगेत. नटणे आणि लिहिणे या दोन्हींत निवड आहे, प्रयोग आहे, प्रांताप्रांताची चव आहे, असे हा काव्यशास्त्रज्ञ न संकोचता सांगतो. आणि त्याची नायिका एकामागून एक चार वेगवेगळी रूपे करून पाहते, चौथे जमते. कोणा थोरल्याने तिला थिल्लर म्हटल्याचे ग्रंथात तरी नाही.

(‘कर्पूरमंजरी’च्या मंगलाचरणात तर या रीतीचे नावच ‘वच्छोमी’ असे येते. वाशिमचे नाव एका शैलीला मिळाले, ही गोष्ट वाशिमच्या शाळांत कितपत सांगितली जाते कोण जाणे.)

६/
सणाचाच पुरावा हवा असेल तर हालाच्या ‘गाथासप्तशती’कडे जावे. महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह. टीकाकारांनी त्यातल्या काही गाथा सर्वसेनाच्याही नावे दिल्या आहेत. एका गाथेत सणाचा दिवस आहे. घरातल्या सवती न्हाण्या-नटण्याच्या धांदलीत आहेत. एकटी मात्र न्हाण्याकडे चक्क दुर्लक्ष करते, आणि नवऱ्याची लाडकी कोण हे तेवढ्याने साऱ्यांना कळून चुकते.

दोन ओळींत केवढे घरकारण आहे! सणाला नटणे ही त्या काळी इतकी रूढ गोष्ट होती, की न नटणे हीच बातमी ठरली. ‘मी काहीच लावत नाही’ हा तोराही आजचा नव्हे. तो ज्यांना परवडतो त्यांचाच असतो, हेही त्या गाथाकाराला ठाऊक होते. इतर सवतींना तो परवडत नव्हता.

७/
याच संग्रहात आणखी एक स्त्री भेटते. तिच्या जाळीदार वलयाच्या फटींत न्हाताना लावलेली हळद भरून बसली आहे, आणि बारीक काडीने ती एकेक फट कोरून काढते आहे. पाहणारा विचारतो, आता कोणाचे भाग्य उजळणार? सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास लिहिताना राजांच्या अत्तरांची वर्णने मुबलक मिळतात. पण लावलेले प्रसाधन नंतर दागिन्यात अडकते आणि ते साफ करण्यात वेळ जातो, हा तपशील फक्त अशा ठिकाणी सापडतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी बांगड्यांच्या नक्षीतले उटणे जिने टूथब्रशने काढले असेल, तिला ही गाथा समजावून सांगावी लागणार नाही.

८/
पुरुष यातून सुटलेले नव्हते. ‘कामसूत्रा’त वत्सगुल्माचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्याच ग्रंथात नागरकाची दिनचर्या दिली आहे. सकाळी दात घासून झाले की बेताचे अनुलेपन, धूप, माळ. मग ओठांना मेण आणि अळता, मग आरशात मुख पाहणे, मग तांबूल. रोज स्नान, दिवसाआड उटणे, तिसऱ्या दिवशी फेनक म्हणजे फेस येणारे द्रव्य, चौथ्या दिवशी क्षौर. ओठांना रंग आणि त्यावर मेणाचा थर, हा क्रम आजच्या कोणत्याही लिप बामच्या जाहिरातीत खपून जाईल. भाऊबिजेला बहिणीची क्रीम गुपचूप वापरणाऱ्या भावांनी हा आधार खुशाल द्यावा.

९/
चित्र हवे असेल तर अजिंठा. वत्सगुल्म शाखेचा हरिषेण हा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. १७ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात हरिषेणाच्या राजवटीचा निर्देश आहे. या १७ व्या लेण्यात प्रसाधन करणारी एक राजस्त्री आहे. हातात आरसा, भोवती सेविका, एकीच्या हाती प्रसाधनाचे तबक. चित्रकारांनी वापरलेले बहुतेक रंग जवळचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती. निळा मात्र लाजवर्दाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. वत्सगुल्माच्या राज्यात परदेशी रंगाचे वावडे नव्हते, भिंतीवर तरी नव्हते.

१०/
परत कर्पूरमंजरीकडे. पहिल्या अंकात ती न नटलेली आहे, म्हणून ‘खरी वैदर्भी सुंदरी प्रसाधनाविना’ असा निष्कर्ष काढणारे दुसरा अंक वाचत नाहीत. तिथे राणी तिला सजवते. केशराच्या उटण्यापासून पुढचा एकेक सोपस्कार विचक्षणा नावाची दासी सांगत जाते आणि राजा प्रत्येकाला एकेक उपमा जोडतो. मग वाद होतो. विदूषकाचे म्हणणे असे, की मुळात चांगले असलेले माणूसही भूषणांनी अधिक खुलते. अस्सल रत्नालाही सोन्याचे कोंदण लागते. राजा म्हणतो, नटण्याने भोळे भुलतात, जाणकार मूळच्या सौंदर्याकडे पाहतात. (या वादात ‘चंग’ हा प्राकृत शब्द येतो. मराठीतले ‘चांगला’ त्याच कुळातले.)

अकराशे वर्षे झाली. वाद तिथेच आहे. फक्त एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वाद घालणारे दोघेही पुरुष आहेत. जिच्या चेहऱ्याविषयी हे चालले आहे, तिला कोणी विचारत नाही. आणि राजाला जे ‘मूळचे’ सौंदर्य इतके भावते, ते एका मुलीला तिच्या मर्जीविना न्हाणीघरातून उचलून आणल्यामुळे त्याच्या दृष्टीस पडले आहे. नैसर्गिक सौंदर्याची एवढी आवड असलेल्या राजाला हे खटकत नाही.

११/
आता दुसरे गृहीतक. जुने म्हणजे नैसर्गिक, नैसर्गिक म्हणजे सुरक्षित.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पार्वतीच्या विवाहप्रसंगी मेना तिच्या कपाळी तिलक रेखते तो हरताळ आणि मनःशिळेने. दोन्ही खनिजे, दोन्ही पूर्ण नैसर्गिक, आणि दोन्ही आर्सेनिकची म्हणजे सोमलाची संयुगे. रंग सुरेख, पिवळा आणि लालसर. विषही तितकेच अस्सल. तेव्हा ‘आमच्याकडे सगळे निसर्गातले होते’ हे वाक्य खरे असले तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही. पाराही निसर्गातच मिळतो.

१२/
मात्र जुन्या परंपरेत एक गोष्ट होती, जी आज हरवत चालली आहे. कृती उघड लिहिलेली असे. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त केस काळे करण्याची रीत देतो. लोखंडी भांड्यात कोद्रवाचे तांदूळ आंबेत शिजवायचे, लोहचूर्ण घालून बारीक वाटायचे, केसांना लावून ओल्या पानांनी झाकायचे, दोन प्रहरांनी धुवायचे, मग आवळ्याचा लेप. शिवाय लोखंडाचा आणि आंबेचा दर्प घालवण्यासाठी सुगंधी स्नान. ग्रहगणित करणारा माणूस ‘डोके पांढरे झाले की माळा, वस्त्रे, अलंकार शोभत नाहीत’ असे म्हणून कामाला लागतो, हे वाचून बरे वाटते.

गंधयुक्तीत तर तो गणितच मांडतो. १६ द्रव्ये घ्या. त्यांतली कोणतीही चार निवडली तर १,८२० गट होतात. प्रमाणे चार, ती कोणत्या द्रव्याला कोणते यावरून प्रत्येक गटाचे २४ प्रकार, आणि तेही चार पद्धतींनी वाढतात. एकूण १,७४,७२० सुगंध. नवे करून पाहण्याची हौस म्हणतात ती हीच. पण प्रत्येक सुगंधात काय आहे आणि किती आहे, हे करणाऱ्याला माहीत.

१३/
वर्णाविषयी प्रामाणिकपणे बोलावे लागेल. गोरेपणाचा हव्यास इंग्रजांनी आणला असे म्हणणे सोयीचे आहे, पण पुरावा त्याहून गुंतागुंतीचा आहे. साहित्यविद्यावधूच्याच कथेत गौड देशाच्या स्त्रियांची वाखाणणी आहे ती अगरूच्या लेपाने दूर्वेच्या कोंभासारखी सावळी कांती आल्याबद्दल. लेप लावून सावळे होणे, आणि ते सुंदर! अजिंठ्याच्या भिंतींवरही सावळे आणि गोरे चेहरे एकमेकांशेजारी आहेत. पण ‘काव्यमीमांसे’तच पुढे देशोदेशीच्या माणसांचे वर्ण सांगताना राजशेखर दाक्षिणात्यांना काळे म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो, की पूर्वेकडच्या राजकन्या वगैरे गोऱ्या किंवा फिकट असतात, आणि दक्षिणेतही तसेच. म्हणजे उन्हात राबणारी सावळी आणि राजवाड्यातली गोरी, हे समीकरण दहाव्या शतकाच्या आधीच पक्के होते. इंग्रजी अमदानीने त्यावर कळस चढवला असेल, पायथा घरचाच होता.

१४/
वाशिमच्या भूमीवर याला छेद देणारी एक परंपरा आजही जिवंत आहे, आणि ती दरबारातून आलेली नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे तीर्थ. बंजारा स्त्रीच्या पारंपरिक शृंगारात चेहऱ्याचा रंग बदलणारे काही नसते. गोंदण, चांदीचे दागिने, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि कपड्यांवर कवड्या नि आरसे. अजिंठ्याच्या राजस्त्रीच्या हातातला आरसा तिला तिचा चेहरा दाखवतो. बंजारा स्त्रीच्या फेटियावरचे आरसे पाहणाऱ्याकडे तोंड करून असतात. दिवाळीच्या अमावास्येला तांड्यातल्या अविवाहित मुली नटून, हाती दिवा घेऊन घरोघरी ‘मेरा’ मागायला जातात. सणाचे नटणे ते हेही आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात याला क्वचितच जागा मिळते, कारण यात विकण्यासारखी बाटली नाही.

१५/
पुढचा काळ थोडक्यात. १९५२ मध्ये टाटांच्या तेल कंपनीने लॅक्मे सुरू केले आणि देशी बनावटीचे आधुनिक प्रसाधन मध्यमवर्गीय स्त्रीच्या हाती आले. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि राजशेखराची पुस्ती नळीत भरून गावोगावी पोहोचली. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. शब्द बदलला, मागणी राहिली, आणि ती भागवायला नाव-गाव नसलेली माणसेही पुढे आली.

१६/
ज्या अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला, तिथली ही बातमी. २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले, की अकोल्यातील एकाच घरातल्या तिघी स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघी स्थानिक पातळीवर विकत घेतलेली उजळपणाची एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पारा आढळला.

पारा काम कसा करतो हे समजून घ्यावे. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे असतो, ते तयार होण्याच्या क्रियेत तो अडथळा आणतो. म्हणून क्रीम ‘लागू पडते’. काही आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो आणि मैत्रिणी नाव विचारू लागतात. त्याच वेळी तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. तिथली गाळणी बिघडते, लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, पाय आणि चेहरा सुजतो. क्रीममधल्या पाऱ्याला वास नसतो, वेगळा रंग नसतो. केरळच्या मलप्पुरम भागातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनीही असेच रुग्ण नोंदवले आहेत: एका विशिष्ट प्रकारच्या विकाराचे १५ रुग्ण, त्यांतले १३ उजळपणाच्या क्रीम वापरणारे.

१७/
कायदा आहे. ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ प्रमाणे डोळ्यांभोवतीची काही प्रसाधने सोडता इतरांत नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक वेष्टनावर असलाच पाहिजे. ज्या डबीवर यातले काहीच नाही ती विकणे हाच गुन्हा आहे, आत काय निघते ही पुढची गोष्ट.

तेव्हा दिवाळीच्या तोंडावर घरात जो वाद होतो, त्याची जागाच चुकलेली आहे. मुलीने नवी लिपस्टिक घेतली, कोरियन मास्क लावून पाहिला, यावर आवाज चढवणारे घर लग्नसराई जवळ आली की तिच्या रंगाची काळजी करते, आणि ओळखीतल्या कोणीतरी दिलेली ‘आयुर्वेदिक’ पांढरी डबी तिच्या हाती देते. ती डबी नवी असूनही तिच्यावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण ती गोरे करते आणि जुन्या नावाने येते. उटण्याच्या पुडीमागे निदान नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, मुलतानी माती अशी नावे छापलेली असतात. वराहमिहिराच्या कृतीत लोहचूर्ण सांगितलेले असते आणि पान किती वेळ बांधायचे तेही. पांढऱ्या डबीच्या झाकणावर बहुधा काहीच नसते. असलेच तर बॉलपेनने लिहिलेले ‘रात्री लावणे’ एवढेच.